ऑनलाइन विधी शिक्षण घेण्यापूर्वी: ठाणे आणि नवी मुंबईतील अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि पुढचे मार्ग

नोकरी सांभाळून घरबसल्या वकील होता येईल का, असा प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईत नोकरी करणारे पदवीधर वारंवार विचारतात. त्याचे उत्तर आधीच स्पष्टपणे द्यायला हवे. केवळ ऑनलाइन किंवा पत्राद्वारे घेतलेल्या एलएल.बी. पदवीवर भारतात वकिलीची सनद मिळत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार ही पदवी नियमित वर्गांतूनच घ्यावी लागते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाविषयीच्या 2020 च्या विनियमांतही या पद्धतीने शिकवता न येणाऱ्या विषयांत विधी हा विषय आहे. घणसोलीत राहणाऱ्या माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी ‘घरबसल्या एलएल.बी.’ या जाहिरातीवर विश्वास ठेवून वर्षभराचे शुल्क भरले आणि ही गोष्ट त्यांना नंतर कळली. हे टिपण लिहिण्यामागे तेच कारण आहे.

याचा अर्थ कायद्याचे ऑनलाइन शिक्षण निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. सनद हवी असेल तर नियमित पदवीचा मार्ग घ्यावा लागतो. सनद नको असेल, किंवा हातातील पदवीला कायद्याच्या ज्ञानाची जोड द्यायची असेल, तर ऑनलाइन प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम पुरेसे ठरू शकतात. यांपैकी आपल्याला काय हवे, हे अर्ज भरण्याआधीच ठरवावे.

प्रथम पदवीचा मार्ग पाहू. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या एमएच-सीईटी लॉ या परीक्षेतून होतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. किमान गुणांची अट खुल्या प्रवर्गासाठी 45 टक्के, इतर मागास प्रवर्गासाठी 42 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 40 टक्के अशी आहे. कमाल वयाची अट नसल्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या उमेदवारांनाही ही परीक्षा देता येते. परीक्षा संगणकावर होते, प्रश्न वस्तुनिष्ठ असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांच्या मनात आपण पात्र आहोत की नाही अशी शंका असते. दूरस्थ पद्धतीने मिळवलेली पदवी एलएल.बी. प्रवेशासाठी चालते, परंतु ती पदवी बारावीसारख्या आधीच्या पात्रतेवर आधारलेली असली पाहिजे. बारावी न होता पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या आधारे थेट पदवीला प्रवेश घेतला असेल, तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार विधी प्रवेशाची पात्रता मिळत नाही. हा बारकावा कागदपत्रांच्या पडताळणीत निश्चित पाहिला जातो, म्हणून दहावी, बारावी आणि पदवी अशी साखळी आपल्याकडे पूर्ण आहे का, हे परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी तपासून घ्यावे.

सीईटीची नोंदणी आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची म्हणजेच कॅपची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत चांगले गुण मिळूनही दुसरी नोंदणी राहून गेल्यामुळे गुणवत्ता यादीत नाव न आलेले उमेदवार दरवर्षी भेटतात. कॅपमध्ये कागदपत्रे अपलोड करणे, त्यांची ऑनलाइन छाननी, तात्पुरती आणि अंतिम गुणवत्ता यादी, महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरणे आणि फेऱ्यांनुसार जागावाटप असा क्रम असतो. पसंतीक्रम भरताना ठाण्यातील विद्या प्रसारक मंडळाचे टीएमसी विधी महाविद्यालय किंवा मुंबईतील चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय यांपैकी कुठे रोज वेळेवर पोहोचता येईल, याचा विचार महाविद्यालयाच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे. प्रत्येक विषयात 70 टक्के उपस्थितीचा नियम असून, निवासी नसलेल्या संस्थांत वर्ग सकाळी 8 ते सायंकाळी 7 या वेळेत घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे ‘हजेरीची काळजी करू नका’ असे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहिलेले बरे. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने प्रवेशापूर्वी कार्यालयाशी वेळेबाबत बोलून लेखी ना-हरकत घ्यावी, कारण विद्यार्थ्यांनी आपल्या नोकरीची माहिती जाहीर करावी अशी सूचना बार कौन्सिलने 2024 मध्ये महाविद्यालयांना दिली आहे.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र ही मूळ यादी आहे. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांना जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे पुढील 31 मार्चपर्यंत वैध असलेले नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते. मुंबई विद्यापीठाबाहेरून पदवी घेतलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्राची व्यवस्थाही वेळेत करावी लागते. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याबाबतचे प्रतिज्ञापत्र, आणि विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी जवळ ठेवावी. यांपैकी जात वैधता प्रमाणपत्राला सर्वाधिक वेळ लागतो. ते परीक्षेच्या निकालानंतर काढू असे म्हणणारे बहुतेक जण अडचणीत येतात.

अधिवास प्रमाणपत्राबाबत नवी मुंबईकरांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पत्त्यात सर्वत्र ‘नवी मुंबई’ असे लिहिले जात असले, तरी ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ आणि बेलापूर हा महापालिकेचा भाग ठाणे तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली आणि उलवे हा भाग मात्र रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात आहे. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात अर्ज भरताना चुकीचा जिल्हा वा तालुका निवडला, तर अर्ज परत येतो आणि प्रवेशाच्या ऐन दिवसांत हातचे पंधरा दिवस वाया जातात. राज्यातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून शिधापत्रिका, वीजबिले आणि शाळेचा दाखला आधीपासून एकत्र करून ठेवावा.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 24 नुसार अर्जदाराचे वय 21 वर्षे पूर्ण असले पाहिजे. नोंदणी शुल्काच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी दिलासा दिला असून, कायद्याने ठरवलेल्या 750 रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपयांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलांना घेता येत नाही. मुद्रांक शुल्काचा खर्च वेगळा असतो. गरीब घरातून आलेल्या नव्या वकिलांसाठी हा निर्णय किती मोलाचा आहे, हे पूर्वी हजारो रुपये भरलेल्यांना विचारावे. नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. तीत 100 वस्तुनिष्ठ प्रश्न असतात आणि टिपणे नसलेली मूळ अधिनियमांची पुस्तके सोबत नेता येतात. पगारी पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या व्यक्तीला सामान्यतः वकिली करता येत नाही, हेही येथे ध्यानात ठेवावे.

न्यायाधीश होण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा 20 मे 2025 चा निकाल निर्णायक आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या भरतीसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट त्याने पुन्हा लागू केली. ही परीक्षा आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. बँकांतील विधी अधिकारी पदांसाठीही पदवीसोबत बार कौन्सिलची नोंदणी मागितली जाते. म्हणून ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर किंवा बेलापूरच्या न्यायालयात एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे काढलेली सुरुवातीची वर्षे पुढच्या प्रत्येक दारासाठी उपयोगी पडतात.

आता ऑनलाइन मार्गाकडे वळू. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात बौद्धिक संपदा, सायबर कायदा, मानवी हक्क आणि ग्राहक संरक्षण या विषयांचे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने उपलब्ध आहेत आणि त्यांचे प्रवेश साधारणपणे जानेवारी व जुलै अशा दोन सत्रांत होतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीच्या प्रवेशासाठी आता अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांची डिजिटल नोंद ठेवणारी व्यवस्था) क्रमांक आणि त्यावरून तयार होणारा डीईबी म्हणजेच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक आधी काढावा लागतो. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर कायद्याचे अनेक अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरायचे असते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक अभ्यासक्रमही विनामूल्य आहे. खासगी संस्थेकडे पैसे भरण्यापूर्वी तिचा अभ्यासक्रम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियमावर आधारलेला आहे का, हे विचारावे. आजही केवळ जुने भारतीय दंड विधान शिकवणारे व्हिडिओ विकले जात असतील, तर ते विद्यार्थ्याच्या काही कामाचे नाहीत. ऑनलाइन एलएल.एम. म्हणजे विधी पदव्युत्तर पदवीच्या जाहिरातींबाबतही सावध राहावे, कारण परवानगीशिवाय चालणाऱ्या अशा अभ्यासक्रमांवर बार कौन्सिलने आक्षेप घेतला आहे.

या शिक्षणाचा सर्वांत थेट उपयोग मला तांत्रिक पदवीधरांसाठी दिसतो. पेटंट एजंट, म्हणजे शोधांच्या पेटंटसाठी इतरांच्या वतीने अर्ज करणारी व्यक्ती, होण्यासाठी एलएल.बी. लागत नाही. पेटंट अधिनियम, 1970 च्या कलम 126 नुसार 21 वर्षे पूर्ण केलेला आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असलेला भारतीय नागरिक त्यासाठीची परीक्षा देऊ शकतो. ऐरोलीतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्या अभियंत्याने बौद्धिक संपदेचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करून ही परीक्षा दिली, तर त्याचे तांत्रिक ज्ञान आणि कायद्याचे ज्ञान एकाच कामी येते. मनुष्यबळ विभागातील व्यक्तींना कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्याचा अभ्यास उपयोगी पडतो, तर विदा (डेटा) हाताळणाऱ्यांना डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 समजून घेणे आता टाळता येणार नाही.

पदवीही नको आणि कंपनीतील कामही नको, परंतु कायद्याच्या मदतीने लोकांच्या उपयोगी पडायचे आहे, अशांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करावा. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही, निवड झालेल्यांना प्रशिक्षण दिले जाते आणि नेमून दिलेल्या कामाच्या दिवसांचे मानधनही मिळते. अर्जांची सूचना निघते तेव्हा ठाणे जिल्ह्यातील रहिवाशांनी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करावी; खारघर, कामोठे किंवा उलव्यात राहणाऱ्यांचे प्राधिकरण मात्र अलिबागला आहे.