मोहोर, शिंका आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या

आंबा मोहोरला की रत्नागिरी-देवगडकडे शिंकणाऱ्याचं निदान घरीच होतं, ‘मोहोर बाधला’. बिचारा मोहोर! त्याचे परागकण जड आणि चिकट. ते माश्यांच्या अंगाला लागून या फुलावरून त्या फुलावर जातात, वाऱ्यावर फारसे पसरत नाहीत. वाऱ्यावर उडतात ते गवतांचे पराग, पाऊस सरता सरता सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फुलणाऱ्या गवतांचे. आणि दमट घरांत बारमाही त्रास देतात ते बुरशीचे कण आणि गाद्या-उशांत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे, डस्ट माइट.

ॲलर्जी असलेलं शरीर या कणांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. ती नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर बसून असतात. तोच कण पुन्हा आला की पेशी हिस्टामाइन नावाचं रसायन सोडतात, आणि खाज, शिंका, धो धो वाहणारं नाक.

व्हिटॅमिन सी आणि कांद्यासारख्या वनस्पतींत सापडणारं क्वेर्सेटिन ‘नैसर्गिक अँटिहिस्टामाइन’ (हिस्टामाइनला अडवणारं औषध) म्हणून खपतात ते यामुळेच. प्रयोगशाळेतल्या बशीत क्वेर्सेटिन मास्ट पेशींना खरंच आवरतं. पण गिळलेल्या गोळीतलं क्वेर्सेटिन आतड्यातून जेमतेम शोषलं जातं आणि जे जातं त्याचं रूप वाटेतच पालटतं. बशीतला डोस नाकापर्यंत पोचणार कसा? कांद्यातून मिळवू म्हणाल, तर अलिबागचा पांढरा कांदा इथे कुचकामी, कारण क्वेर्सेटिन असतं ते रंगीत कांद्यात, त्यातही बाहेरच्या पापुद्र्यांत. म्हणजे आपण सोलून फेकतो तिथेच! व्हिटॅमिन सीचा पुरावाही तोकडाच. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर गेलात तर जुलाब लागू शकतात, मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी तर जपूनच.

एका वनस्पतीने मात्र बाजी मारली होती. युरोपातल्या बटरबरचा अर्क सेटिरिझिन या ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीइतकाच गुणकारी ठरल्याचं २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. पण या झाडात यकृताला घातक अल्कलॉइड असतात, आणि ती काढून बनवलेल्या गोळ्यांनीही यकृत बिघडल्याच्या तक्रारी आल्या. २०१२ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने ती उत्पादनं बाजारातून काढायला सांगितली. ‘नैसर्गिक आहे, काय बाधणार?’ म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

व्हिटॅमिन डी रक्तात कमी असेल तर जरूर घ्या, पण हाडांसाठी. शिंकांबाबत निकाल उलटसुलट आहेत.

खरा भरवशाचा उपाय म्हणजे डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा नाकातला फवारा. तो रोज मारायचा असतो, शिंक आली की नव्हे. चादरी-उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवा, श्रावणात गादीला ऊन दाखवणं काही जमत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुण्यानेही बऱ्याच जणांना आराम पडतो. पेलाभर पाण्याला अर्धा छोटा चमचा मीठ पुरे. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं पाणी थेट नाकात घालू नका, त्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर बहुधा जिवावरच बेततं.