पालक पिवळा का पडला?

सातारा जिल्ह्यात आत्याच्या घरामागे दोन गुंठ्यांचं परसू आहे. गेल्या वर्षी मेअखेरीस तिने निम्म्या वाफ्यांत गोठ्यातलं ताजं शेण, कडब्याच्या चघळासकट (गुरांनी खाऊन उरलेल्या ताटांसकट), पसरून मातीत मिसळलं आणि पहिल्या पावसावर पालक पेरला. महिनाभरात नवल झालं. बिनखताच्या वाफ्यातला पालक हिरवा आणि खताच्या वाफ्यातला पिवळा! आळीत सगळ्यांचं निदान एकच: "शेण गरम पडलं."

हे निदान मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि इथे ते चूक होतं. वाफ्यात पातळ पसरलेलं शेण तापत नाही, उष्णता धरून ठेवायला मोठा ढीग लागतो. (कोंबडीखताची गोष्ट निराळी. त्यातल्या अमोनियाने कोवळी मुळं खरोखर करपतात.) शिवाय दोन खुणा समोरच होत्या. पालकाची आधी खालची, जुनी पानं पिवळी पडली होती. नायट्रोजन कमी पडला की झाड जुन्या पानांतला काढून नव्या पानांना देतं. आणि त्याच वाफ्याच्या कडेची चवळी मात्र तजेलदार होती. चवळीच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून तिला देतात, तिला मातीकडे फारसं मागावं लागत नाही. म्हणजे मातीत नायट्रोजनची टंचाई होती, आणि ती खत घातल्यानंतर आली होती.

ती कशी आली, हा मला मातीतला सर्वांत सुंदर हिशोब वाटतो. शेण आणि कडबा कुजवणारे जीवाणूही सजीवच, त्यांनाही अंग बांधायला कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतात. त्यांच्या शरीरात साधारण ८ भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन असतो. पण खाल्लेला सगळा कार्बन अंगी लागत नाही. सुमारे दोन तृतीयांश ऊर्जेसाठी जळतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. म्हणजे २४ भाग कार्बन खाल्ला, तर १६ उडून गेला, ८ अंगात राहिला आणि त्या ८ साठी १ भाग नायट्रोजन लागला. म्हणून खाद्यात २४ ला १ हे प्रमाण असेल तर जीवाणूंचं नेमकं भागतं. नायट्रोजन याहून जास्त असेल तर उरलेला मातीत मोकळा होतो आणि पिकाला मिळतो.

आता गव्हाचं काड घ्या. त्यात हे प्रमाण साधारण ८० ला १ असतं. १०० किलो कोरड्या काडात ४० किलो कार्बन धरला, तर नायट्रोजन फक्त अर्धा किलो. तो ४० किलो कार्बन फस्त करायला जीवाणूंना ४० भागिले २४, म्हणजे सुमारे १.७ किलो नायट्रोजन हवा. उरलेला १.२ किलो ते आणणार कुठून? आजूबाजूच्या मातीतून. ते मुळांपेक्षा कितीतरी चपळ असतात, त्यामुळे या ओढाताणीत पालक हरतो. कडब्याचं गणित याच वळणाचं आहे. नुसत्या शेणाचं प्रमाण बरं असतं, चघळ मिसळलं की ते बिघडतं.

ढिगात किंवा खड्ड्यात तीन-चार महिने कुजवणं म्हणजे ही मारामारी पिकापासून दूर उरकून घेणं. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाकांनी, त्यासाठी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीत भोकं ठेवलेलं टाकं रूढ केलं. भोकांतून हवा खेळते. कार्बन उडत जातो, नायट्रोजन बराचसा राहतो आणि प्रमाण २० च्या खाली येतं. गाडीभर शेणाचं अर्धी गाडी खत झालं म्हणून हळहळू नये, उडालं ते पाणी आणि कार्बन. मात्र ढीग उघड्या उन्हात वाळू दिला तर अमोनिया होऊन नायट्रोजनही जातो. गोठ्यात नाकाला झोंबतो तो हाच. गाईच्या मूत्रात तिने टाकलेल्या नायट्रोजनचा जवळजवळ निम्मा वाटा असतो, तेव्हा गोठ्यात माती किंवा पालापाचोळा पसरून ते शोषून घ्यावं.

एका दाव्याबद्दल बोललंच पाहिजे. देशी गाईचं १० किलो शेण एकरभर रानाला पुरतं, असं हल्ली छातीठोकपणे सांगतात. हे शेण पाण्यात आंबवून जीवामृत नावाचं द्रावण करतात. त्याच्या २०० लिटर पिंपात शेण, गोमूत्र आणि बेसन मिळून नायट्रोजन पाव किलोच्या घरात भरतो. एकरी ८ टन चांगल्या शेणखतात तो सुमारे ४० किलो असतो, पहिल्या वर्षी त्यातला थोडाच भाग पिकाला मिळत असला तरी. जीवाणू वाढवल्याचं सांगितलं जातं, पण जीवाणूंनाही खायला लागतंच. गाय देशी की संकरित यापेक्षा तिने काय खाल्लं, यावर शेणातली पोषणद्रव्यं अधिक ठरतात.

उरलेलं शेणखत किती काळ देत राहतं, हे इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या प्रयोगात दिसतं. तिथे एका बार्लीच्या पट्ट्याला १८५२ ते १८७१ शेणखत दिलं आणि मग थांबवलं. शंभर वर्षांनंतरही त्या मातीत कधीच खत न दिलेल्या पट्ट्यापेक्षा पीक जास्त येत होतं. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय द्रव्य फार लवकर जळतं, त्यामुळे आपल्याला ते दरवर्षी द्यावं लागतं.

आत्याने तो पिवळा पालक उपटून टाकला आणि वाफा तसाच ठेवला. चघळ कुजून संपलं तसे खाद्याअभावी जीवाणू मरू लागले आणि त्यांच्या अंगातला नायट्रोजन मातीत परतला. दिवाळीआधी तिने तिथे पुन्हा पालक पेरला, वरून काहीही न घालता. त्याची पानं तळहाताएवढी झाली, काळपट हिरवी.