खुलासा: ‘हिट अँड रन’ची 10 वर्षं आणि 7 लाख

कळंबोलीच्या स्टील मार्केटपासून उरणच्या बंदर रस्त्यापर्यंत ट्रकचालकांमध्ये जानेवारी 2024 पासून एक मेसेज फिरतो: संसदेने कायदा केला, आता अपघात करून पळालात तर 10 वर्षं कैद आणि 7 लाख दंड.

भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 106(2) मध्ये, निष्काळजी गाडी चालवून मृत्यू घडवला आणि पोलिसांना न कळवता पळून गेलं तर, ‘10 वर्षांपर्यंत’ कैद आणि दंड आहे. 7 लाखांचा आकडा त्या कलमात कुठेही नाही.

यापेक्षा मोठी चूक पुढे आहे. विधेयक मंजूर झालं म्हणजे कलम लागू झालं, असं नसतं. संहितेला 25 डिसेंबर 2023 ला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण कलम 1(2) नुसार ती कधी लागू होणार हे केंद्राने राजपत्रात जाहीर करायचं असतं आणि वेगवेगळ्या कलमांना वेगवेगळ्या तारखा देता येतात. फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने 1 जुलै 2024 ही तारीख दिली, आणि नेमकं 106(2) वगळलं. ते लागू करायला स्वतंत्र अधिसूचना लागते. खासदारांसाठी टिपण करणारेही अधिनियमाच्या मजकुरावर थांबले तर इथेच फसतात. राजपत्र उघडावंच लागतं.

याचा अर्थ पळून जायला मोकळीक, असा मुळीच नाही. 106(1) खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आहेच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार जखमीला उपचार मिळवून द्यायचे. जमाव अंगावर आला आणि थांबणं शक्य नसेल, तरी 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं.