गाडी खाली घेतली. आता चाक किती बाहेर काढायचं?

मोठं चाक बसतं का, हा प्रश्न विचारला जातो उभ्या गाडीसमोर. उत्तर मिळतं चालत्या गाडीत. उभ्या गाडीत टायर आणि फेंडर यांच्यात बोटभर फट छान दिसते. मागे दोन माणसं बसली आणि रस्त्यात खोलगट भाग आला की फेंडरची आत दुमडलेली पत्र्याची कड टायरच्या खांद्यावरून सुरीसारखी फिरते. गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली (सस्पेन्शन बदलून तिची उंची कमी केली) म्हणजे चाकाच्या डोक्यावरची मोकळी जागा ४० मिलिमीटरने गेली. मूळ उंचीवर बिनबोभाट चालणारा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) खाली घेतलेल्या गाडीत म्हणूनच घासतो.

आधी आकडे वाचू. रिमवर ‘८जे × १७ ईटी ३५’ असं लिहिलेलं असतं. १७ हा व्यास आणि ८ ही रुंदी, दोन्ही इंचात. ही रुंदी टायरच्या कडा जिथे बसतात त्या दोन जागांमधली असते. रिमच्या बाहेरच्या कडांपर्यंत मोजलं तर सुमारे २५ मिलिमीटर जास्त भरते, आणि टेप लावणारे बरेच जण इथेच फसतात. ‘जे’ हा कडेच्या आकाराचा प्रकार. ईटी म्हणजे ऑफसेट, जर्मन ‘आइनप्रेसटीफे’चं लघुरूप: हबला (ज्यावर चाक बोल्टने बसतं तो मधला भाग) टेकणारा रिमचा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा. ईटी जितका कमी, चाक तितकं बाहेर.

पण नुसता ईटी पाहून काहीच ठरत नाही. हबपासून आत किती आणि बाहेर किती, असे दोन आकडे काढावे लागतात. निम्म्या रुंदीत ईटी मिळवला की आतला आकडा, वजा केला की बाहेरचा. समजा मूळ चाक ६.५जे × १६ ईटी ४५ आहे. निम्मी रुंदी ८२.५ मिलिमीटर; म्हणजे आत १२७.५ आणि बाहेर ३७.५. नवं चाक ८जे × १७ ईटी ३५: निम्मी रुंदी १०१.६, आत १३६.६, बाहेर ६६.६. रिम आतल्या बाजूला ९ आणि बाहेरच्या बाजूला तब्बल २९ मिलिमीटर सरकली. तेच ८जे चाक ईटी ४५चं घेतलं तर दोन्हीकडे १९.

आता यात टायर घाला, चित्र बदलतं. मूळ २०५/५५ आर १६ टायर (नाममात्र रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) ६.५ इंची रिमवर प्रत्यक्षात साधारण २१४ मिलिमीटर फुगतो. २२५/४५ आर १७ टायर ७.५ इंची रिमवर २२५ भरतो आणि रिम अर्धा इंच रुंद झाली की सुमारे ५ मिलिमीटर वाढतो. म्हणजे ८ इंची रिमवर २३०. याचे आत-बाहेर आकडे काढले तर टायरची बाजू बाहेर १८ मिलिमीटरच सरकते, आणि आतल्या बाजूला उलट २ मिलिमीटर जागा सुटते! रिम मात्र ९ मिलिमीटर आत शिरलेली आहे. म्हणून रिमचा हिशेब वेगळा आणि टायरचा वेगळा. आत स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) नळीला आणि ब्रेकच्या होजला रिमची कड लागू शकते. बाहेर फेंडरला गाठतो तो टायरचा खांदा.

आतली बाजू तशी सोपी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असेल तर स्ट्रटची खालची नळी आणि नकल (हब धरणारा भाग) एकमेकांना पक्के जोडलेले असतात. चाक वर-खाली गेलं, वळलं, तरी नळी आणि टायर यांच्यातलं अंतर तेच राहतं. उभ्या गाडीत ५ मिलिमीटर फट असेल तर ती चालतानाही ५च. नुसत्या लोअरिंग स्प्रिंग घातल्या तरी यात फरक पडत नाही. कॉइलओव्हरमध्ये (उंची कमी-जास्त करता येणारा स्ट्रट) मात्र स्प्रिंग टेकण्याची रिंग आटे फिरवून खाली घेतली जाते आणि जी रिंग टायरच्या डोक्यावर होती ती टायरच्या बाजूला येऊन बसते. कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल; माथा आत झुकला तर निगेटिव्ह) कुठे दिला हेही पाहायचं. वरच्या माउंटवर दिला तर स्ट्रट आणि चाक एकत्र झुकतात, फट तशीच राहते. नकलच्या बोल्टवर दिला तर फक्त चाक झुकतं आणि टायरचा माथा स्ट्रटकडे येतो.

बाहेरची बाजू ही खरी डोकेदुखी. ६३२ मिलिमीटर व्यासाच्या टायरला १ अंश निगेटिव्ह कॅम्बर दिला की त्याचा माथा साधारण साडेपाच मिलिमीटर आत जातो. दीड-दोन अंशांत एक सेंटिमीटरपर्यंत जागा मिळते. पण फार खाली घेतलेल्या गाडीत खालचा आर्म (नकलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) चाकाकडे वर चढलेला असतो. अशा वेळी चाक आणखी वर गेलं की कॅम्बर वाढायचा थांबतो, कधी उलट कमी होतो. नेमकी गरज असते तेव्हाच टायर बाहेर येतो.

म्हणून मोजणी दाबलेल्या सस्पेन्शनवरच करायची. गाडी जॅक स्टँडवर घ्या, स्ट्रट काढून स्प्रिंग उतरवा (स्प्रिंग कंप्रेसरशिवाय हात लावू नका), स्ट्रट बंप स्टॉपसह (चाक फार वर जाण्यापासून अडवणारा रबरी ठोकळा) परत बसवा आणि चाक लावा. मग खालच्या आर्मखाली जॅक लावून बंप स्टॉप निम्मा दबेपर्यंत चाक वर उचला. याच स्थितीत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. फेंडरच्या कडेला आणि आतल्या प्लास्टिक लायनरला मऊ चिकणमातीचे गोळे चिकटवून ठेवले की टायर कुठे दाबतो त्याचा ठसा उमटतो. वळलेल्या चाकाची मागची आतली कड लायनर किंवा अँटी-रोल बारला (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) लागते, आणि हे सरळ चाकात कधीच दिसत नाही.

मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळ घेणारी तुळई) असेल तर कॅम्बर सहसा बदलता येत नाही, त्यामुळे तिथे ईटीचा लोभ कमी धरावा. पॅनहार्ड रॉडवाल्या (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) अखंड ॲक्सलमध्ये गाडी खाली आली की ॲक्सल एका बाजूला सरकतो. डावी आणि उजवी फट वेगवेगळी मोजा.

मूळ टायर ६३२ मिलिमीटरचा, २२५/४५ आर १७ साधारण ६३४चा, म्हणजे स्पीडोमीटरचा प्रश्न नाही. फेंडरला घासत असेल तर २१५/४५ आर १७ (व्यास ६२५) साडेचार मिलिमीटर उंची वाचवतो. पण त्याचा साधा टायर लोड इंडेक्स ८७चा, म्हणजे ५४५ किलो. मूळ टायर ९१चा असेल तर ती क्षमता ६१५ किलो होती. तेव्हा जास्त भाराचा ९१वालाच घ्यावा. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची फॅशन इथे अजिबात कामाची नाही. खड्ड्यात टायरची कड रिमवरून सुटू शकते. २२५/४५ आर १७साठी ७ ते ८.५ इंच रिम ही मर्यादा आहे.

ईटी १० मिलिमीटरने कमी केला की टायर जमिनीला टेकतो ती जागा स्टेअरिंगच्या अक्षापासून तेवढीच बाहेर जाते. मग खड्ड्यात आणि ब्रेक लावताना स्टेअरिंग हातात ओढतं, हब बेअरिंगवर तरफ वाढते. १० ते १५ मिलिमीटरपुढे जायला सबळ कारण हवं.

बसवतानाच्या चुका छोट्या, पण महागात पडणाऱ्या. ४×९८च्या (चार बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास ९८ मिलिमीटर) हबवर ४×१००ची रिम ‘बसल्यासारखी’ वाटते. प्रत्यक्षात नट तिरके बसतात. रिमचं मधलं भोक ७३.१ आणि हब ५७.१ असेल तर त्याच मापाची सेंटरिंग रिंग हवी, नाहीतर ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं. नटाची बैठक शंकूची की गोल, हे रिमप्रमाणे जुळलं पाहिजे. पातळ स्पेसर (हब आणि रिम यांच्यातली चकती) टाकला तर आटे मोजा: एम १२ × १.५ स्टडवर नट किमान ८ फेरे फिरला पाहिजे. कॅलिपर आरीला लागतो का, हे ईटीवरून कळत नाही. ते रिम हबवर धरून, हाताने फिरवूनच पाहावं लागतं.

चाक बसल्यावर अलाइनमेंट आलीच, आणि त्यात टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत) आधी बघा. खाली घेतलेल्या गाडीत टायरची आतली कड झिजते त्याला बहुतेकदा कॅम्बरपेक्षा बिघडलेला टो जास्त जबाबदार असतो. शंभरेक किलोमीटर झाले की नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. त्याच वेळी लायनरमध्ये टॉर्च मारा: प्लास्टिक कुठे चकचकीत झालं असेल, तर टायर तिथे पोचतो आहे.