गुडघेदुखीवरील शीतोपचार

बर्फ, शीतपिशवी किंवा गार पाण्यात पिळलेले फडके गुडघ्यावर ठराविक वेळ ठेवून वेदना व सूज तात्पुरती कमी करण्याच्या उपायाला शीतोपचार म्हणतात. उतारवयातील गुडघेदुखीचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे सांध्यातील कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचीक आवरणाची, झीज. शीतोपचाराने ती भरून येत नाही वा थांबतही नाही. मात्र जास्त चालण्याने किंवा श्रमाने गुडघा सुजून हाताला गरम लागत असेल, तर तेवढ्या काळापुरता त्याचा चांगला उपयोग होतो.

थंडाव्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सुजेत भर घालणारा द्रव कमी पाझरतो. शिवाय वेदनेची संवेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंचे काम मंदावते व सांध्याभोवतीचे आखडलेले स्नायू सैल होतात. वितळत्या बर्फाचे तापमान ०° से. असते आणि १ ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो, म्हणून नुसत्या गार पाण्यापेक्षा त्याचा गारवा जास्त वेळ पुरतो. बर्फ ठेवल्यावर आधी गारवा, मग चुरचुर, त्यानंतर ठणका आणि शेवटी बधिरपणा जाणवतो. बधिरपणा आला की बर्फ काढावा.

कोकण किनाऱ्यावर म्हातारपणीही गुडघ्यांना विसावा फारसा मिळत नाही. जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या (चढणीच्या पायवाटा) चढाव्या-उतराव्या लागतात, लावणीच्या दिवसांत चिखलातून पाय उपसावे लागतात आणि मासळीबाजारातील बायका तासन्‌तास पाय मुडपून बसलेल्या असतात. अशा गुडघ्यांसाठी घरोघरी ठरलेला उपाय म्हणजे शेक: निगडीचा पाला, एरंडाचे गरम केलेले पान, तापवलेल्या मिठाची पुरचुंडी. शीत गुणाने वात वाढतो, असे आयुर्वेद मानतो, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्याला बर्फ लावायचा म्हटले की अनेक वडीलधारी माणसे नाखूश असतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. सकाळी उठताना ताठरलेल्या, पण न सुजलेल्या गुडघ्याला उबेनेच बरे वाटते. सुजलेल्या, गरम गुडघ्याला मात्र शेक दिल्यास सूज वाढू शकते. म्हणून शेक की बर्फ हे घरच्या सवयीने न ठरवता त्या दिवशी गुडघ्याला हात लावून ठरवणे अधिक योग्य होय.

बर्फ कधीही थेट त्वचेवर ठेवू नये. पातळ ओल्या फडक्यात गुंडाळून तो १० ते १५ मिनिटे ठेवावा व पुन्हा लावण्यापूर्वी त्वचा पूर्ववत उबदार होऊ द्यावी. मिरकरवाडा, हर्णै, मालवण यांसारख्या बंदरांवर मासळीसाठी बर्फ नेहमीच लागतो आणि तेथून तो घरीही येतो; तो स्वच्छ असेलच असे नसल्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत भरूनच वापरावा. मासळीच्या पेटीतला मीठ मिसळलेला बर्फ तर मुळीच घेऊ नये, कारण मिठामुळे त्याचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते आणि त्वचा भाजल्यासारखी होते. फ्रीजरमधील जेलची पिशवीही शून्याखाली गेलेली असते, हे सहसा लक्षात येत नाही. पावसाळ्यात वीज गेली असेल, तर माठातल्या पाण्यात पिळलेला पंचा वरचेवर बदलत ठेवला, तरी थोडा आराम पडतो.

वृद्धांची त्वचा पातळ असते. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना त्वचेला इजा होत असल्याचे कळतही नाही, त्यामुळे त्यांनी, तसेच पायांचा रक्तपुरवठा अपुरा असलेल्यांनी आणि गारव्याने अंगावर पित्त उठणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा उपाय करू नये. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित खाली, एक चेता त्वचेलगत असते. तेथे बर्फ घट्ट बांधून ठेवल्यास पाऊल उचलण्याची शक्ती काही काळ जाऊ शकते. बर्फ लावून झोपणे म्हणूनच धोक्याचे आहे.

या उपायाचा शास्त्रीय आधार मर्यादित आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत, म्हणजे उपलब्ध वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात, बर्फाच्या मालिशने सांध्याची हालचाल व स्नायूंची ताकद सुधारल्याचे आणि शीतपिशव्यांनी सूज घटल्याचे आढळले, परंतु वेदनेवरील परिणाम तितका स्पष्ट नव्हता. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजनावर नियंत्रण यांना अधिक भक्कम पुरावा आहे. गारव्याने ठणका कमी झाल्यावर हा व्यायाम करणे सोपे जाते, हाच शीतोपचाराचा खरा लाभ मानावा लागेल.

गुडघा एकाएकी लाल होऊन सुजला व सोबत ताप आला, पडल्यानंतर पायावर भार देता येईना किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर बर्फावर वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.