नागपूरच्या परसबागेतील स्वीट कॉर्न

स्वीट कॉर्न म्हणजेच मधुमका हा साध्या मक्याचाच प्रकार. त्याच्या दाण्यात साखरेचा स्टार्च होण्याची क्रिया जनुकीय बदलामुळे मंदावलेली असते. म्हणून कोवळे दाणे गोड लागतात आणि वाळलेले बी सुरकुतते. अशा बियांत अन्नसाठा कमी असतो, त्यामुळे गार किंवा चिबड (पाणी धरून राहिलेल्या) मातीत ते उगवण्याआधीच कुजते.

नागपूरच्या काळ्या मातीत पावसाळी पेरणी केल्यास १५ ते २० सेंमी उंच गादीवाफा हवाच. परसबागेसाठी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला: माती उबदार असते आणि पाणी साचत नाही. उन्हाळी पीक घ्यायचेच तर जानेवारीअखेर पेरावे. उशीर झाला की तुरा, म्हणजे शेंड्यावरचा परागाचा फुलोरा, एप्रिलच्या उन्हात सापडतो, परागकण करपतात आणि कणसे बोडकी राहतात. मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हणजे नवतपा, तर फार पुढची गोष्ट.

घरच्या बागेतले बहुतेक अपयश परागीभवनाचे असते. मक्याचे पराग वाऱ्याने पडतात आणि कणसाच्या मिशीतला प्रत्येक धागा एकेका दाण्याशी जोडलेला असतो. ज्या धाग्याला पराग मिळाला नाही, तिथे दाणा भरत नाही. म्हणून कुंपणालगत एकच लांब ओळ लावू नये; चौकोनी वाफाच करावा. २ × २ मीटर वाफ्यात ५० सेंमीवर चार ओळी आणि ओळीत २५ सेंमी अंतर धरले की ३२ झाडे बसतात. प्रत्येक जागी २ ते ३ सेंमी खोल दोन बिया टोकाव्यात, नंतर एकच जोमदार रोप ठेवावे. झाडे थोडी असतील तर मिशा निघाल्यावर चार-पाच दिवस सकाळी तुरे हलवून पराग मिशांवर झटकावेत. जवळच साधा मका त्याच वेळी फुलत असेल तर त्याच्या परागाने दाणे पिठूळ होतात. पेरणीत तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

एवढ्या वाफ्याला १५ ते २० किलो कुजलेले शेणखत, १५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २५ ग्रॅम पोटॅश पेरणीआधी मिसळावे. १०० ग्रॅम युरिया तीन हप्त्यांत द्यावा: पेरताना, महिन्याने आणि तुरा येताना. दुसऱ्या हप्त्यानंतर बुंध्याला मातीची भर द्यावी, नाहीतर वाऱ्याने झाडे लोळतात. बुडाशी आलेले फुटवे काढण्याची गरज नाही. तुरा ते दाणा भरण्याच्या काळात पाण्याचा ताण अजिबात पडू देऊ नये.

२०१८ पासून भारतात आलेली अमेरिकन लष्करी अळी पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) शिरून पाने कुरतडते. भुशासारखी विष्ठा दिसली की अळी आत आहे हे ओळखावे. रोज सकाळी पोंगे तपासून अंडीपुंज आणि अळ्या हाताने चिरडाव्यात, ५ टक्के निंबोळी अर्क थेट पोंग्यात फवारावा. लहान वाफ्याला एवढे बहुधा पुरते, मात्र एकही सकाळ चुकवू नये.

मिशा निघाल्यापासून १८ ते २२ दिवसांनी, त्या तपकिरी होऊन वाळल्यावर भुट्टा तोडावा. दाण्यात नख रुतवल्यावर पाणी आले तर कच्चा, दुधाळ रस आला तर तयार, पीठ आले तर जून. तोडल्यानंतर उष्णतेत साखर झपाट्याने घटते. म्हणून आधी चुलीवर पाणी ठेवावे, मग तोडायला जावे.