पाण्याचं किट आणि पंपावरचा हायड्रोजन

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांची कामं करताना हा प्रश्न वरचेवर येतो. ‘दादा, हायड्रोजनच्या गाड्या निघाल्या, मग माझ्या पेट्रोल गाडीला ते गाडीतच पाण्यापासून हायड्रोजन करणारं पाण्याचं किट का बसवून देत नाही?’ विचारणारा मूर्ख नसतो, नाव सारखं असल्यानं गल्लत होते. वायू दोन्हीकडे हायड्रोजनच आहे. फरक पडतो तो कुठं तयार झाला आणि तयार करायला लागलेली ऊर्जा कुणी दिली, यानं.

टोयोटाची मिराई २०१४ साली जपानमध्ये विक्रीला आली. तिच्या टाक्यांत ७०० बार दाबानं सुमारे ५ किलो हायड्रोजन भरतात, फ्युएल सेल त्याची वीज करतो आणि मोटर चाक फिरवते. पिस्टनच्या इंजिनातही हायड्रोजन जळतो. बीएमडब्ल्यूची हायड्रोजन ७ पेट्रोल आणि हायड्रोजन दोन्हींवर चालायची. दिल्लीत २०२० साली सीएनजीत १८ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळून बस चालवून पाहिल्या. या सगळ्यांत हायड्रोजन बाहेरून, तयार होऊन येतो.

किटचं तसं नाही. बॉनेटखाली एक डबा, त्यात स्टीलच्या पट्ट्या, वीज नीट वाहावी म्हणून कॉस्टिक पोटॅश हा क्षार घातलेलं पाणी आणि बॅटरीकडून आलेली वायर. विजेनं पाणी फुटतं, हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण हवेच्या पाइपातून इंजिनात जातं. ती वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, आणि इंजिन पेट्रोलवरच चालतं.

आपल्याकडं गुऱ्हाळ बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल. चुलवाणात उसाचं वाळलं चिपाड जळतं तेव्हा रसाची काहील उकळते, मागं राख उरते. पाणी ही हायड्रोजनची राख आहे, तो एकदा जळून गेलेला आहे. राखेचं पुन्हा चिपाड करायचं तर जळताना निघाली तेवढी ऊर्जा तरी परत घालावीच लागते, प्रत्यक्षात जास्तच. १०० रुपयांचं पेट्रोल या कामाला लावलं, तर त्यातली २५ रुपयांइतकी ऊर्जा इंजिनाच्या फिरण्यात उतरते, अल्टरनेटरमधून १४ रुपयांची वीज निघते आणि डब्यातून ८-९ रुपयांचा हायड्रोजन हाती येतो. तोही पुन्हा त्याच इंजिनात जाळायचा!

विकणारे एक खरी गोष्ट सांगतात. हायड्रोजनची ज्योत पेट्रोलपेक्षा कितीतरी वेगानं पसरते, त्यामुळं पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेलं मिश्रणही नीट पेटतं. पेट्रोलबरोबर हायड्रोजन मिसळून इंजिन चालवलेल्या नासाच्या १९७७ सालच्या चाचणीचा दाखलाही देतात. पण तिथला हायड्रोजन बाटल्यांतून आणि मिथेनॉलपासून आला होता, गाडीच्या अल्टरनेटरवर पाणी फोडून नाही.

‘पण बसवल्यावर ॲव्हरेज वाढलं की!’ असंही सांगतात. किट बसवताना प्लग, एअर फिल्टर बदललेले असतात, आणि आकड्यावर लक्ष ठेवणारा माणूस ॲक्सिलरेटरही हळू दाबतो. काही किटांबरोबर ऑक्सिजन सेन्सरचा, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल किती सोडायचं ते कळवणाऱ्या भागाचा, सिग्नल चुकवणारी छोटी पेटी येते. तिच्यामुळं इंजिनात पेट्रोल कमी पडतं, थोडी बचत दिसतेही, पण धुरात नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि गगनबावड्याच्या घाटात भरल्या गाडीनं चढताना गाडी ओढत नाही, गुदमरते. म्हणून मी ती पेटी कुणाच्याच गाडीला लावत नाही.

किट घ्यायचंच मनात असेल तर विक्रेत्याला विचारा, एक लिटर पाणी किती किलोमीटर पुरतं? तो अभिमानानं हजार सांगेल. एक लिटर पाण्यात १११ ग्रॅम हायड्रोजन असतो आणि त्याची ऊर्जा साधारण ४०० मिलिलिटर पेट्रोलएवढी. वीज फुकट मिळाली असं धरलं, तरी लिटरला १६ देणाऱ्या गाडीच्या हजार किलोमीटरच्या साडेबासष्ट लिटरांतून वाचतील ते एवढेच ४०० मिलिलिटर.